दासोह की सौदा?



‘देणे’ हा शब्द आपल्या घरात फार पवित्र मानला जातो. दारी आलेल्या जंगमाला भिक्षा वाढावी, जत्रेच्या दासोहाला धान्याचे पोते पाठवावे, गावच्या शाळेला वर्गणी द्यावी, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडावे, हे संस्कार आपल्याला पाळण्यापासून मिळालेले असतात. जग म्हणते, देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. शरणांनी हा क्रमच उलटा केला. दासोह या शब्दातच ‘मी दास आहे’ हा भाव आहे. देणाराच लहान, घेणारा मोठा. आणि देऊन झाल्यावर देणाऱ्याच्या मनात ‘मी दिले’ ही आठवणदेखील उरू नये, अशी ही शिकवण आहे.

पण याच जगात आणखी एक देणे चालते. एखादा उद्योगपती सत्ताधाऱ्याच्या घरी थैली पोहोचवितो. निवडणुकीच्या तोंडावर पक्षाला रक्कम देतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. एक देतो, दुसरा घेतो. दोघेही हात जोडतात, दोघेही हसतात. मग यांतले एक पुण्य आणि दुसरे पाप का? कायद्याने मनाई केली म्हणून पाप, असे म्हणावे, तर कायदा आज एक असतो आणि उद्या दुसरा. पापपुण्याची रेघ कायद्याच्या पुस्तकाबरोबर सरकत असेल तर ती रेघच कसली? याचा विचार आज आपण एका जुन्या उदाहरणावरून करू. ताज्या प्रकरणात आपण सारे कोणत्या ना कोणत्या पक्षाचे असतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रकरणात आपला कोणीच सगासोयरा नाही. म्हणून तेथे सत्य स्वच्छ दिसते.

हे प्रकरण घडले लंडनमध्ये, पण त्याचे मूळ आहे सुरतेत.

सुरत म्हटले की मराठी माणसाला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. तापीकाठचे हे शहर त्या काळी मोगल साम्राज्याचे अत्यंत श्रीमंत बंदर होते. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत. विरजी व्होरासारखा सावकार इतका मोठा होता की परदेशी कंपन्या त्याच्याकडून कर्ज काढीत. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ च्या सुमारास येथे वखार घातली. पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे पश्चिम किनाऱ्यावरचा तिचा कारभार सुरतेतूनच चालला. १६८७ मध्ये मुख्य ठाणे मुंबईस गेले तरी सुरतेचा व्यापार चालूच राहिला. सुती कापड आणि नीळ जहाजांत भरून विलायतेस जाई आणि नफा लंडनच्या भागधारकांच्या घरी पोहोचे. आजही सुरत हे कापडाचे आणि हिऱ्यांचे शहर आहे. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे तेथील मागांवर कष्ट करीत आहेत. तेव्हा सुरतेच्या व्यापाराची गोष्ट ही आपल्यालाही परकी नाही.

कंपनीचा हा सारा व्यापार एका कागदावर उभा होता. तो कागद म्हणजे इंग्लंडच्या राजाची सनद. पूर्वेकडचा व्यापार या कंपनीनेच करावा, दुसऱ्या इंग्रजाने करू नये, असा मक्ता त्या सनदेने दिला होता. १६८८ मध्ये इंग्लंडात राज्यक्रांती झाली आणि जुना राजा गेला. मक्त्याबाहेरचे व्यापारी विचारू लागले की, हा हक्क एकट्यांनाच का? त्यातच १६९३ मध्ये कंपनीने एक कर वेळेवर भरला नाही आणि सनद रद्द होण्याची पाळी आली. तरीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीला नवी सनद मिळाली. कशी मिळाली?

दीड वर्षाने, १६९५ च्या मार्चमध्ये, पार्लमेंटच्या समितीने कंपनीच्या वह्या उघडल्या. त्यांत ‘विशेष सेवा’ असे एक गोलमोल खाते निघाले. थोरामोठ्यांना दिलेल्या नजराण्यांचा खर्च पूर्वी वर्षाला सुमारे १,२०० पौंडांच्या वर क्वचितच जात असे. १६९३ या एका वर्षात तो जवळजवळ ९० हजार पौंडांवर गेला होता. कंपनीचा त्या वेळचा गव्हर्नर होता सर टॉमस कुक. स्वतः मोठा सराफ आणि पार्लमेंटचाही सभासद. संचालकांना विचारले तेव्हा त्यांचे उत्तर असे की, गव्हर्नरांनी रक्कम मागितली, आम्ही मंजूर केली. ती कोणाला दिली हे आम्ही विचारले नाही. वाचकहो, हे उत्तर नीट ध्यानात ठेवा. ज्यांनी जाणून घेणे हेच त्यांचे काम होते, त्यांनी न जाणण्यात आपली सोय पाहिली.

कुकला विचारले तर तो नावे सांगेना. त्याला लंडनच्या टॉवर या तुरुंगात पाठविण्यात आले. बोललास तर तुझ्यावर या प्रकरणी कारवाई होणार नाही, असा खास कायदा झाला, तेव्हा तो बोलला. सर बेझिल फायरब्रेस नावाच्या व्यापाऱ्याला मोठाल्या रकमा दिल्या, असे त्याने सांगितले. फायरब्रेसने मध्यस्थांची साखळी उलगडली. तिच्या टोकाला ५,५०० गिनींची थैली आणि लीड्सचा ड्यूक होता. हा गृहस्थ म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष, राज्यातल्या सर्वांत बड्या मंत्र्यांपैकी एक. चौकशीचा सुगावा लागताच ती रक्कम घाईघाईने परत करण्यात आली होती. कॉमन्स सभेने ड्यूकवर महाभियोग आणला. पण त्याचा जो नोकर मुख्य साक्षीदार होता, तो परदेशी पळाला. मे महिन्यात अधिवेशन संपले आणि खटला तेथेच विरून गेला. ड्यूक दोषी ठरला नाही, निर्दोषही ठरला नाही.

त्या मार्च महिन्यातच आणखी एक प्रकार उघड झाला होता. कॉमन्स सभेचा सभापती सर जॉन ट्रेव्हर याने एका विधेयकासाठी लंडन नगराकडून हजार गिनी घेतल्याचे निघाले. आपण स्वतः गुन्हेगार आहोत हा ठराव सभापती या नात्याने त्यालाच मताला टाकावा लागला, आणि पुढे त्याला सभेतून काढून टाकण्यात आले. पैसे देणारे एकटे कुकच नव्हते आणि घेणारे एकटे ड्यूकच नव्हते, हे यावरून दिसेल.

आता यापुढचा भाग पाहा. तो मला अधिक बोधप्रद वाटतो. तीन वर्षांनी, १६९८ मध्ये, इंग्लंडच्या सरकारला युद्धांमुळे पैशाची निकड होती. जुन्या कंपनीने ७ लाख पौंड चार टक्के व्याजाने देऊ केले. तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी २० लाख पौंड आठ टक्के व्याजाने देण्याची तयारी दाखविली. पार्लमेंटने चक्क कायदा करून पूर्वेकडच्या व्यापाराचा हक्क या नव्या मंडळींना दिला. पाच वर्षांपूर्वी जे रात्रीच्या अंधारात थैलीने झाले, ते आता भर दिवसा कायद्याने झाले. पहिल्या वेळी पैसा मंत्र्याच्या घरी गेला, दुसऱ्या वेळी सरकारी तिजोरीत गेला, हा फरक खराच आणि तो लहानही नाही. पण व्यापाराचा हक्क बोली लावून घ्यायचा, ही रीत दोन्हीकडे एकच. आणि कुकने ९० हजार खर्चून जे विकत घेतले होते, ते अधिक मोठी बोली लागताच हातचे गेले!

या भांडणाचे शेवट सुरतेत उमटले. १७०० मध्ये नव्या कंपनीचा अध्यक्ष सर निकोलस वेट सुरतेत आला. जुन्या कंपनीचा प्रमुख होता सर जॉन गेयर. एकाच देशाचे, एकाच धर्माचे हे दोन व्यापारी मोगल अधिकाऱ्यांचे कान भरण्यात एकमेकांवर कडी करू लागले. वेटच्या चिथावणीने १७०१ मध्ये गेयर सुरतेत कैद झाला आणि अनेक वर्षे कैदेतच राहिला. त्याच वर्षी नव्या कंपनीसाठी इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस सुरतेहून मोठा लवाजमा आणि नजराणे घेऊन निघाला आणि औरंगजेबाच्या छावणीत पोहोचला. ती छावणी होती आपल्या पन्हाळगडाच्या पायथ्याशी. बादशहा तेव्हा गडाला वेढा घालून बसला होता. नॉरिसने अमाप खर्च केला, महिनोन्‌महिने तिष्ठत राहिला आणि हवे होते ते फर्मान न मिळताच परतला. १७०२ मध्ये परतीच्या समुद्रप्रवासातच तो वारला.

बंधु-भगिनींनो, येथे पहिला बोध आहे. सत्तेची मर्जी हा विकत घेता येणारा माल झाला की तो कोणालाही विकत घेता येतो. तुम्ही एक थैली द्या, शेजारी दोन देईल. तुम्ही उघडलेल्या दारातूनच तुमचा वैरी आत येतो. न्यायाने मिळालेला हक्क न्याय जिवंत असेपर्यंत टिकतो. खरेदी केलेला हक्क पुढच्या गिऱ्हाइकापर्यंतच टिकतो.

पण हा बोध झाला व्यवहाराचा. ‘तोटा होतो म्हणून करू नका’ एवढेच सांगायचे असते तर शरणांची गरज नव्हती; शहाणा मुनीमदेखील ते सांगेल. खरा प्रश्न असा की, ज्याला यात नफाच होतो त्याने तरी का करू नये? यासाठी चार गोष्टी तपासाव्या लागतात. विकत घेतलेली वस्तू कोणाची, त्यासाठी दिलेला पैसा कोणाचा, देण्यासाठी वापरलेले हात कोणाचे, आणि हे सारे करताना डोळे कोणाचे झाकले.

पहिली गोष्ट, वस्तू कोणाची? महाराष्ट्रातल्या वडीलधाऱ्या वाचकांना सिमेंटच्या टंचाईचे दिवस आठवत असतील. घराचा स्लॅब टाकायचा तर परवान्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत. त्या काळात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी काही प्रतिष्ठाने स्थापन केली. त्यांतले एक कलावंत-साहित्यिकांना साहाय्य करण्यासाठी होते. १९८१ च्या ऑगस्टअखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि गवगवा झाला. बिल्डरांनी प्रतिष्ठानाला देणग्या द्याव्यात आणि त्यांना कोट्यापलीकडचे सिमेंट मिळावे, असा तो व्यवहार असल्याचा आरोप होता. प्रा. पु. बा. सामंत आदींच्या अर्जावर १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढे फौजदारी प्रकरण वर्षानुवर्षे चालले; अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले. न्यायालयांतला तो सारा प्रवास येथे सांगण्याचे कारण नाही. आपण एवढेच पाहू की त्या व्यवहारात विकले गेले ते काय? सिमेंटची पोती. ती मुख्यमंत्र्यांची नव्हती आणि बिल्डरांचीही नव्हती. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची होती. देणारा आणि घेणारा दोघेही खूश, आणि ज्याची वस्तू गेली तो तिसरा माणूस त्या खोलीत हजरच नाही! दासोहात देणारा आपल्या ताटातले देतो. सौद्यात तो दुसऱ्याच्या ताटातले उचलतो. देणगीचे काम कितीही पवित्र असले तरी हा दोष धुतला जात नाही.

दुसरी गोष्ट, पैसा कोणाचा? कुकने दिलेले ९० हजार पौंड त्याच्या बापाचे नव्हते. ते भागधारकांचे होते आणि त्यांच्यामागे सुरतेच्या मागावर बसलेल्या विणकराच्या श्रमाचे होते. आपल्याकडे हा प्रश्न १९५७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा पोलाद कंपनीने आपल्या नियमांत उघडपणे बदल करू म्हटले. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांना कायद्याप्रमाणे परवानगी द्यावी लागली. पण कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाण्याचा धोका आहे, त्याकडे संसदेने वेळीच लक्ष द्यावे, असा इशाराही त्यांनी दिला. पुढे १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली. वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण साखर कारखान्याचे सभासद आहेत, पतसंस्थेत आणि दूध संघात आपली ठेव आहे. तेथला पैसा कोणाच्या सभेच्या मंडपावर खर्च होतो, हे आपण कधी विचारतो काय? की कुकच्या संचालकांप्रमाणे आपणही न विचारण्यातच शहाणपण मानतो?

तिसरी गोष्ट, हात कोणाचे? अमेरिकेत एका माणसाने उमेदवाराला किती देणगी द्यावी याची मर्यादा आहे. न्यूयॉर्कचे हॉटेल-व्यावसायिक संतसिंग चटवाल यांनी ही मर्यादा चुकविण्यासाठी आपले नोकर, ओळखीचे आणि आपल्याकडे कामाची कंत्राटे असलेले लोक यांच्या नावाने १ लाख ८० हजार डॉलरांहून अधिक रक्कम तीन उमेदवारांना पोहोचविली आणि मागाहून त्यांना भरपाई करून दिली. २०१० मध्ये आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिले होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. साक्षीदाराला फितविण्याचा गुन्हाही त्यांत होता. त्यांना तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षे देखरेख आणि ५ लाख डॉलर दंड झाला. आपण दंडाकडे पाहू नका, त्या नोकरांकडे पाहा. मालकाच्या दारी इमानाने राबणाऱ्या माणसाचे नाव मालकाने खोट्यासाठी वापरले. शरणांनी कायकाला कैलास मानले ते कायक निर्मळ असते म्हणून. दुसऱ्याचे निर्मळ कायक आपल्या खोट्यात ओढणे हे चोरीहून मोठे पाप आहे. चोर वस्तू नेतो, हा माणसाचे इमान नेतो.

चौथी गोष्ट, डोळे कोणाचे झाकले? आपल्या देशात २०१८ पासून निवडणूक रोख्यांची योजना आली. कंपनीने स्टेट बँकेतून रोखा घ्यावा, पक्षाला द्यावा आणि कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळू नये, अशी ती व्यवस्था होती. कंपनीने किती द्यावे यावर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जी मर्यादा पूर्वी होती, तीही काढून टाकण्यात आली. २०२४ च्या जानेवारीपर्यंत १६ हजार ५०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराला जाणण्याचा हक्क आहे, आणि देणगीच्या मोबदल्यात सरकारकडून काही मिळविले गेले की नाही हे तपासण्यासाठी तो आवश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे सहा वर्षे जे कायदेशीर होते ते एका दिवसात बेकायदा झाले. आपण आरंभी विचारले होते की रेघ कायद्याबरोबर सरकते काय. याचे उत्तर येथे आहे. त्या सहा वर्षांतही ज्याने मोबदल्यासाठी रोखा घेतला त्याने सौदाच केला होता. आणि ज्याने केवळ पक्षाचा विचार पटला म्हणून दिले त्याने तेव्हाही सौदा केला नव्हता. कायद्याने केले ते एवढेच की झाकण उघडले. आत काय होते ते झाकण बसविण्यापूर्वीच ठरलेले होते.

आता कोणी म्हणेल, “महाराज, हे बोलायला सोपे आहे. धंदा करून पाहा म्हणजे कळेल. न दिले तर फाईल हलत नाही, कामगारांचा पगार थांबतो.” हा आक्षेप खोटा नाही आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. आपला न्याय्य हक्क अडवून ठेवलेला असताना जो नाइलाजाने देतो तो लुबाडला गेलेला माणूस आहे. दुसऱ्याचा हक्क ओढून घेण्यासाठी जो देतो तो लुबाडणारा आहे. दोघांना एका पारड्यात घालू नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही २०१८ च्या दुरुस्तीने हा भेद केला आहे. लाच देणे हाही गुन्हा आहे. पण ज्याला ती बळजबरीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेला कळविले तर त्याला संरक्षण आहे. या सात दिवसांत मोठी कसोटी आहे. खरोखर लुबाडला गेलेला माणूस ओरडतो. जो गप्प बसतो आणि पुढच्या वर्षी स्वतः होऊन थैली घेऊन जातो, त्याचा नाइलाज केव्हाच संपलेला असतो. उरलेली असते ती सवय.

दुसरा आक्षेप असा की, आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला काय? मुळीच नाही. लीड्सच्या ड्यूकवरही काही सिद्ध झाले नाही. आरोप झालेल्याच्या दारावर थुंकणे हे आपले काम नव्हे. न्यायनिवाडा न्यायालयाने करावा. परंतु आरोप झाल्यावर माणूस कसा वागतो हे पाहण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे. महात्मा बसवेश्वरांवरही असाच आरोप झाला होता, ही कथा आपण सारे जाणतो. ते बिज्जळ राजाचे भांडारी होते. राजाच्या खजिन्यातला पैसा हा आपल्या शरणांच्या दासोहावर उधळतो, अशी चहाडी मत्सरी लोकांनी राजाच्या कानी घातली. कथेतला चमत्काराचा भाग क्षणभर बाजूला ठेवा. बसवण्णांनी काय केले? खजिना उघडून दिला, मोजा म्हणाले. मोजला तेव्हा एक नाणेही कमी भरले नाही. कुकला वह्यांमागची नावे सांगण्यासाठी तुरुंग आणि खास कायदा लागला. बसवण्णांना राजाचा एक शब्द पुरला. ज्याचे देणे निर्मळ असते त्याला किल्ली शोधावी लागत नाही.

तेव्हा सौदा आणि दासोह यांतली रेघ आपल्याच घरी कशी ओळखावी? उद्या कोणी निवडणुकीची वर्गणी मागायला दुकानी आला, अथवा आपल्यालाच द्यावीशी वाटली, तर मनाला काही प्रश्न विचारावेत. हा माणूस निवडणूक हरला असता तरी मी त्याला दिले असते काय? त्याच्या टेबलावर माझे एखादे काम पडलेले असताना तर मी देत नाही ना? ही रक्कम मी धनादेशाने, स्वतःच्या नावाने, वहीत लिहून देतो आहे काय? माझ्या भागीदाराला, माझ्या मुलाला, माझ्या शेजारच्या दुकानदाराला हे कळले तर मला लाज वाटेल काय? या प्रश्नांची उत्तरे सरळ आली तर खुशाल द्या. आपल्याला पटलेल्या विचाराला मदत करणे हा नागरिकाचा धर्मच आहे. एकही उत्तर अडखळले तर हात मागे घ्या.

हेच माप आपल्या धार्मिक आणि शैक्षणिक संस्थांनीही लावून घेतले पाहिजे. मोठी देणगी आली की देणाऱ्याची खुर्ची पुढच्या रांगेत येते, त्याच्या नावाची पाटी लागते. मग त्याच्याबरोबर मंत्री येतात आणि संस्थेच्या आवारात त्यांच्या गाठीभेटी होतात. देणगीदाराला तेथे नेमके काय मिळाले, हे कोणी विचारत नाही. ज्या पंगतीत राजा आणि लाकूडतोड्या एका ओळीत बसावेत अशी आपली परंपरा, त्या पंगतीत पैशाने जागा राखून ठेवली जाऊ लागली तर तिला दासोह म्हणता येणार नाही.

सुरतेची गोष्ट पुढे कोठे गेली तेही जाता जाता ध्यानात घ्या. लंडनमध्ये मर्जी विकत घ्यायला शिकलेल्या, पुढे १७०९ मध्ये एक झालेल्या त्या कंपनीने १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला. तेथील कित्येक बड्या सावकार-व्यापाऱ्यांनी आपला व्यापार सुखरूप राहील या आशेने तिला पाठिंबा दिला होता. १८०० मध्ये नबाबाला तनखा देऊन सारा कारभारच तिने हाती घेतला. व्यापाऱ्याने सत्ता विकत घेण्याची सवय लावून घेतली की एक दिवस तो व्यापारी राहत नाही आणि सत्ताही लोकांची राहत नाही.

याच्या समोर आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांना उभे करून पाहा. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. दिवसाच्या दासोहापुरते वेचायचे, अधिक नाही. एके दिवशी बसवण्णांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडविले आणि मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक घरी आणले. लक्कम्माने ते पाहिले आणि हे आपले नव्हे, परत ठेवून या, असे नवऱ्याला बजावले. राज्याच्या भांडाऱ्याच्या अंगणातला तांदूळ, कोणी मोजलेला नाही, कोणी अडविलेले नाही, घरी दारिद्र्य. तरीही त्या माउलीला आपले किती आणि परके किती हे अचूक कळले. तिच्याजवळ कायद्याचे पुस्तक नव्हते, चौकशी समिती नव्हती. सर टॉमस कुकजवळ हे सारे होते, शिवाय लंडनच्या सराफ्यातली अक्कलही होती.

बंधु-भगिनींनो, सत्तेच्या अंगणात तांदूळ रोज सांडतो. कधी तो परवान्याच्या रूपाने सांडतो, कधी कंत्राटाच्या, कधी कर्जमाफीच्या तर कधी बदलीच्या. वेचणाऱ्यांची गर्दीही रोज असते. घरी कोणी ‘परत ठेवून या’ म्हणणारे आहे काय, एवढेच प्रत्येकाने पाहावे. नसेल तर ते आपणच व्हावे.

शरणु शरणार्थी.